साळवे सरांचं ‘आज नगरमध्ये’

सायबर कॅफेत काम केलेल्या बाईला ‘किस्से सांग’ असं कधी म्हणू नये. ती सुरू झाली की थांबत नाही. आमच्याकडे लोक यायचे, प्लायवूडच्या आडोशात बसायचे, आणि आडोसा आहे म्हणजे आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही अशी त्यांची समजूत असायची. आम्हाला सगळं ऐकू यायचं. शिवाय निम्म्या लोकांना टायपिंग येत नसे. त्यांच्या मनातलं आधी माझ्या कानात पडायचं आणि मग माझ्या बोटांतून पुढे जायचं. इतक्या लोकांचं इतकं बोटांतून गेल्यावर थोडंफार मागे राहणारच ना!

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. नगरला सावेडीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर साळवे सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी तिथे टायपिंग शिकले, परीक्षा दिल्या आणि तिथेच नोकरीला लागले. पुढे सरांनी टाइपरायटर विकून कॉम्प्युटर घेतले, फोनच्या लाईनला मोडेम जोडला आणि बाहेर ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली. पाटी वाचून पहिल्या आठवड्यात आत आलेल्या दोघांनी झेरॉक्स मागितली.

सर मूळचे श्रीरामपूरचे, ख्रिस्ती. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. घरात ते आणि विमलकाकू, दोघंच. काकू राहात्याकडच्या एका खेड्यातल्या, शाळा चौथीपर्यंत. त्या दुपारी डबा घेऊन यायच्या, पण जिना चढायच्या नाहीत. खालूनच मला हाक मारायच्या, “शोभा, डबा घेऊन जा गं.” वरच्या त्या मशिनींचं त्यांना काही कौतुक नव्हतं.

* * *

सुरुवातीच्या दिवसांत एक म्हातारबाबा आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मुलाकडे सावेडीत राहत होते. म्हणाले, भावाला ईमेल करायचाय. भाऊ जामखेडकडच्या गावात.

सरांनी विचारलं, भावाकडे ईमेल आहे का?

“त्याच्याकडं फोनबी न्हाई.”

मग सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं, की बाबा, यापेक्षा तुम्ही साधं पत्र टाका, दोन दिवसांत मिळेल. बाबा मान हलवत राहिले. पत्र नको म्हणाले. शेताच्या बांधावरून दोघांचं फाटलं होतं, कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. “माझं अक्षर वळखतो तो. फोडायच्या आधीच फाडून टाकंल. मशिनीचं असलं म्हंजी सरकारी वाटंल. वाचंल तरी.”

मग काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. ‘आई लई आजारी आहे. ये.’ खाली नाव घालू नको म्हणाले.

मी ते मोठ्या अक्षरात टाइप करून प्रिंट काढली. सरांनी स्वतः पाकीट आणलं, पत्ताही मशिनवर छापला आणि खालच्या पेटीत टाकून आले. बाबांनी जाताना विचारलं, “कम्प्युटरनं गेलं ना?” सर म्हणाले, हो, कॉम्प्युटरनेच गेलं.

महिन्याभराने बाबा परत आले. डोकं भादरलेलं होतं. सरांना नमस्कार करून म्हणाले, “आला हुता.”

सरांना बरं वाटलं. आईची भेट झाली का, म्हणून विचारलं.

“न्हाई. पन खांदा दिला त्यानं. माझ्या शेजारी हुता.”

* * *

भालेराव तात्या जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. बायको आधीच गेलेली. मुलगा अमेरिकेत, मुलगी संगमनेरला दिलेली. दर शनिवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि मुलाला मेल सांगायचे.

तेव्हा मराठी अक्षरं मेलमधून धड जात नसत. इथून मजकूर पाठवला की तिकडे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटायची. म्हणून सगळे मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचे.

एका शनिवारी तात्यांनी सांगितलं, “लिही, छातीत कळ आली होती. आता बरं आहे.” मी लिहिलं. मग थोडा विचार करून म्हणाले, छातीत काढून टाक, तो घाबरेल. राहिलं एवढंच, ‘कळ आली होती. आता बरं आहे.’ इंग्रजीत कळ लिहायची म्हणजे के, ए, एल. काल लिहायचं तरी तेच.

पुढच्या शनिवारी मुलाचं उत्तर आलेलं होतं. ‘काल कोण आली होती? ताई का?’

तात्यांनी ते दोनदा वाचलं. आधी त्यांना हसू आलं. मग चष्मा काढून पुसत बसले. मी म्हटलं, तात्या, नीट लिहून कळवते. तर म्हणाले, “नको. लिही, हो, ताई आली होती. कळ येऊन गेली त्यापेक्षा ताई येऊन गेली हे त्याला बरं वाटेल.”

मी तसंच लिहिलं. मुलाला इतकं बरं वाटलं की त्याने बहिणीला अमेरिकेतून फोन केला, बाबांकडे जाऊन आलीस ते फार छान केलंस म्हणून. ती दिवाळीपासून नगरला फिरकली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती आली. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी आमच्याकडे पाठवलं. मूल कडेवर, केस वाऱ्याने विस्कटलेले. तात्या मुलाचं उत्तर आलं का बघायला त्या दिवशी सकाळीच येऊन आत बसले होते. त्यांच्यासमोर उभी राहून तिने विचारलं, “मी आले होते म्हणे. कशाला आले होते, बाबा?”

 तात्या शेजारची खुर्ची सरकवून म्हणाले, “बस. दमली असशील.”

छातीतल्या कळेचं मी तिला सांगितलं. तिथून ती त्यांना सरळ डॉक्टरकडे घेऊन गेली.

* * *

एमआयडीसीत फिटर असलेला संजय रोज शिफ्ट सुटली की यायचा. बोलायला लागला की अडखळायचा, त्यामुळे बोलायचाच नाही. बोट दाखवून कॉम्प्युटर मागायचा. पण चॅटिंगला बसला की त्याची बोटं अशी धावायची की टायपिंगच्या परीक्षेत पहिला आला असता. स्वतःशीच हसायचा. नाशिकच्या एका मुलीशी त्याची ओळख झाली होती.

एक दिवस तिने फोन नंबर मागितला. संजयने आमचा नंबर दिला आणि मग घाबरून सरांना म्हणाला, की माझ्या नावाने तुम्हीच बोला. एवढं सांगायला त्याला बराच वेळ लागला. सर म्हणाले, “तुझं नाव तूच सांग. ऐकणारी असेल तर थांबेल.”

फोन आला. आम्ही इंटरनेट बंद करून लाईन मोकळी ठेवली होती. संजय रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मानेच्या शिरा ताणलेल्या. नाव तरी त्याने पूर्ण सांगितलं, ते मी ऐकलं. मग थोडा वेळ तो नुसता ऐकत होता. फोन ठेवून वळला तेव्हा चेहरा शांत होता.

“ल-लाईन खराब आहे म्हणाली,” तो म्हणाला. “मी हो म्हटलं.”

* * *

आता सरांच्या पानाविषयी.

अमेरिकेतली एक कंपनी इंटरनेटवर फुकट पान द्यायची. वर तिच्या जाहिरातीची पट्टी, मध्ये आपला मजकूर, तळाला पाहुण्यांसाठी जागा, म्हणजे कुणीही यावं आणि दोन ओळी लिहून जावं. लोक त्यावर स्वतःचा फोटो, नाहीतर देवाचा फोटो लावायचे. सरांनी त्यावर रोज चार ओळी लिहायचं ठरवलं. नाव दिलं ‘आज नगरमध्ये’. ते सांगायचे, मी आमच्या छपाईच्या फॉन्टमध्ये मराठीत टाइप करायचे, मग त्याचं चित्र बनवून चढवायचं, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी दिसेल. चार ओळींचं चित्र चढायला चहा पिऊन व्हायचा.

काय लिहायचे? ‘आज बसस्टँडसमोर उसाचा ट्रक बंद पडला. लोकांनी धक्का दिला. सुरू झाल्यावर प्रत्येकाने एकेक कांडं ओढून घेतलं. ड्रायव्हर काही बोलला नाही.’ किंवा, ‘आज चर्चमधून येताना एक नवरा-बायको भांडताना दिसले. रिक्षा आल्यावर दोघं एकाच रिक्षात बसले.’ बस. ना त्यावर उपदेश, ना मत.

ब्लॉग हा शब्द आमच्यापर्यंत आलेला नव्हता. आता माझी भाची सकाळी उठल्यापासून हेच करते, चहा प्याले, ट्रॅफिकमध्ये अडकले, आज मूड नाही. लोक अंगठे दाखवतात. मला ते बघताना सर आठवतात, पण एक फरकही जाणवतो. सरांच्या चार ओळींत सर फार क्वचित असायचे.

विमलकाकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी जिन्याखालूनच सरांना विचारलं होतं, “हे वाचनार कोन? नगरच्या मानसाला म्हाइतीच हाय, आन भाईरच्याला काय करायचंय?”

 मी नंतर या विषयावर मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण यापेक्षा अवघड प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही.

* * *

सरांचं बघून शिर्डीच्या एका लॉजवाल्याने आमच्याकडून पान करून घेतलं. लॉज मंदिरापासून लांब होता, चालत नव्हता. पानाच्या तळाला किती जण आले ते दाखवणारा आकडा असायचा. तो माणूस शिर्डीहून एसटीने यायचा, पान उघडायचा, आकडा एकाने वाढलेला दिसला की खुश व्हायचा. बंद करून पुन्हा उघडायचा. पुन्हा एक वाढलेला!

“साहेब, येतायत लोक,” तो सरांना म्हणाला.

तो आकडा त्याच्याच येण्याने वाढत होता. सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण सर माझ्याकडे बघून नको म्हणाले. संध्याकाळी त्यांनी लॉजवाल्याला चहाला खाली नेलं आणि काय ते सांगितलं. वर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

सर म्हणाले, त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

* * *

‘आज नगरमध्ये’ला पहिला वाचक मिळाला तो मस्कतमध्ये. बन्सी त्याचं नाव. पाथर्डीकडचा, तिकडे एका कंपनीत क्रेन चालवायचा. तळाच्या जागेत त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘साहेब, उसाच्या ट्रकचं वाचलं. खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.’ सरांनी ते मला तीनतीनदा वाचायला लावलं.

मग तो रोज काहीबाही विचारायचा. भेळेची ती गाडी अजून लागते का? कापडबाजारात दिवाळीला गर्दी होती का? सर स्कूटरला किक मारून बघून यायचे आणि लिहायचे.

एकदा त्याने लिहिलं, की त्याची मुलगी सावेडीतल्या शाळेत पहिलीत आहे, आजीजवळ राहते. तो गेला तेव्हा ती रांगत होती. मध्ये सुट्टी मंजूर झाली नाही. ‘फोटो येतात, पण फोटोत ती उभी असते. ती चालते कशी, तेवढं लिहाल का?’

 शाळेच्या फाटकाशी एकट्या पुरुषाने मुली न्याहाळत उभं राहणं सरांना बरं वाटेना. म्हणून ते काकूंना घेऊन गेले. काकू आधी तयार नव्हत्या, पण बन्सीचं ते वाक्य सरांनी वाचून दाखवल्यावर त्यांनी चपला घातल्या. बन्सीने फोनवर कळवून ठेवलं होतं, त्यामुळे आजी फाटकाशीच भेटल्या. मुलगी बाहेर आली, आजीचा हात सोडून पुढे चालायला लागली. काकू तिच्या मागे मागे पार रिक्षापर्यंत गेल्या.

त्या दिवशी डबा द्यायची वेळ नव्हती, तरी काकू आमच्या जिन्याशी आल्या आणि खालूनच मला मजकूर सांगितला. सरांनी एक शब्द बदलला नाही, फक्त शुद्ध करून घेतला. ‘मुलगी भरभर चालते. उजवा पाय जरा आत टाकते. थोडं चालली की मागे वळून बघते, कोणी येतंय का. मग परत चालते.’

बन्सीचं काहीच आलं नाही. सर रोज पान उघडून बघायचे. आपलं काही चुकलं का, असं मला विचारायचे. आठवड्याने एक ओळ आली.

‘माझा पण पाय आत पडतो.’

त्यानंतर काकू डबा देताना रोज विचारायला लागल्या, “त्या पोरीचा बाप काय म्हनतोय?”

* * *

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. आजारी वगैरे काही नव्हते. रविवारी दुपारी जेवून घरी आडवे झाले. तोंडावर ऊन येतंय म्हणून काकूंनी पडदा ओढला, झोप मोडू नये म्हणून भांडीसुद्धा घासायची ठेवली. चहा करून उठवायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं.

दफनाला बरेच लोक आले होते. भालेराव तात्या मुलीच्या हाताला धरून आले. संजय कंपनीच्या कपड्यांतच आला होता, शेवटपर्यंत थांबला.

कॅफे काही दिवस बंद ठेवला, मग मीच जाऊन उघडला. फॅन लावला, धूळ पुसली आणि सवयीने पान उघडलं. सरांचं शेवटचं लिहिलेलं तसंच होतं. ‘आज आमच्या चौकात सिग्नल बसवला. अजून सुरू केलेला नाही. तरी दोघे थांबले होते. त्यातला एक मी.’

खाली बन्सीच्या ओळी होत्या. ‘साहेब, आज काही नाही?’ त्याखाली, ‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’ आणखी दोन-चार अनोळखी माणसांनी तेच विचारलेलं होतं. हे लोक वाचत होते हे सरांना कधी कळलंच नाही.

मी उत्तर लिहायला बसले. टायपिंगमध्ये मी कुणाला हार गेले नव्हते. पण ते एक वाक्य काही टाइप होईना. सरांच्या पानावर ते घालायचं म्हणजे आपण ते खरं करतोय असं वाटायचं. मी मशिन बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. असे काही दिवस गेले.

मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. हळू, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. विमलकाकू वर आल्या होत्या. पहिल्यांदाच. दारात थांबून त्यांनी सगळं बघून घेतलं, प्लायवूडचे आडोसे, फोन, सरांची खुर्ची. खुर्चीवर बसल्या नाहीत. माझ्या शेजारचं स्टूल ओढून घेतलं.

“ती मानसं इचारत असतील,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

“तू काय सांगितलंस?”

मी म्हटलं, अजून काही नाही.

त्यांनी पदर सारखा केला. “मग लिही आता. ते लिवायचे तसंच.”

मी फॉन्ट लावला. वर ‘आज नगरमध्ये’ लिहिलं आणि थांबले. आता ते वाक्य काकूंच्या तोंडून येणार म्हणून मी पडद्याकडेच बघत राहिले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग सावकाश, मधे थांबत, त्यांनी सांगितलं.

“आज सकाळी दूधवाला आला. त्यानं नेमीसारखं लिटरभर दूध घातलं. मी काय बोलले न्हाई. घेतलं.”

मी विचारलं, अजून काही?

“न्हाई. एवढंच.”

मी शुद्ध केलं नाही. तसंच टाइप केलं, चित्र बनवलं आणि फोन लावला. मोडेम ओरडायला लागला तशा काकू जरा दचकल्या, मग पुढे वाकून पडद्यावर सरकणारी निळी पट्टी बघत बसल्या. पट्टी संपत आल्यावर त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

“हे आता त्यांना दिसंल का?”

“दिसेल, काकू,” मी म्हटलं. “थोडा वेळ लागतो.”